कडेची पांढरी जागा

यार्विकोर्पी, ३ ऑक्टोबर १९८८

प्रिय आयली,

देवाच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या भावाची कंबर पहिली थंडी पडली की धरते, तशी यंदाही धरली आहे. आर्मास सौना तापवून वाफेत शेकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाकडं फोडायला जातो. सांगून ऐकणाऱ्यातला तो नाही, हे तुला मी काय सांगायचं!

आता कामाचं. बंद पडलेल्या डेअरीच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघी वेलचीचे टोस्ट भाजतो ते तुला माहीत आहेच. मी, राउहा आणि कोरपेलांच्या दोघी बहिणी. आतापर्यंत गावचं दुकान आणि आसपासची तीन दुकानं माल घेत होती. त्यातली दोन या उन्हाळ्यात बंद झाली. म्हणून तू काम करतेस त्या घाऊक कंपनीलाच मी पत्र घातलं, आमचे टोस्ट घ्याल का म्हणून. तुझं नाव कुठे लिहिलं नाही, ओळखीने घास मागणं मला जमत नाही. उत्तर अगदी सभ्य आलं. पण नव्या वर्षापासून ज्या पिशवीवर रेघांचा बारकोड नसेल तो माल घेणार नाही, असं त्यात लिहिलं आहे.

रेघा मला नव्या नाहीत. वडील नदीकाठी ओंडके मोजायचे ते चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारून. मीही पिशव्यांचा हिशोब तसाच वहीत मांडते. पण या रेघा जाड-बारीक आहेत आणि आडवी एकही नाही. कॉफीच्या पुड्यावरच्या रेघा चष्मा लावून मोजल्या, तीस भरल्या. पुड्यात कॉफी तर एकच. मग या तीस कशाच्या?

तू गोदामात आहेस, तुला ठाऊक असणार. लवकर लिही. घाई राउहासाठी आहे. नवरा गेल्यापासून या टोस्टवरच तिचं घर चालतं. भाऊ तिला स्वीडनला बोलावतो आहे, कारखान्यात जागा आहे म्हणतो. ती परवा म्हणाली, "ईस्टरपर्यंत बघते सैमी, नाहीतर दाराला कुलूप." तिकडे गेलेलं माणूस परत आलेलं मी तरी पाहिलं नाही. पंचवीस वर्षं ती प्रार्थनेला माझ्या डाव्या हाताला बसते. मी सूर सोडला की तीच धरून ठेवते.

फोन करू नकोस. फोन मयतीसाठी.

तुझी,
सैमी

(कागद आडवा धरून वाच. कडेला जागा शिल्लक होती म्हणून लिहिते. मोज्यांसाठी राखाडी लोकर बसने पाठवली आहे, रिळाची काडी परत कर.)


ताम्पेरे, ११ ऑक्टोबर १९८८

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचताना मान मोडली. आधी सरळ, मग आडवं, मग पाकिटाच्या आतल्या बाजूला आणखी एक ओळ! कागदावर बोटभर पांढरं दिसलं की तुझा जीव का खालीवर होतो गं?

पण तीस रेघा मोजल्यास याचं मला फार कौतुक वाटलं. आमच्या होल्स्ती साहेबांना मी विचारलं, "बारकोडात रेघा किती असतात?" ते म्हणाले, "पुष्कळ." अकरा वर्षं गोदामाचे मुख्य आहेत!

त्या मोजायच्या नसतात, वाचायच्या असतात. रेघ किती जाड आणि मधली फट किती रुंद, यावरून यंत्राला अंक कळतो. तेच तेरा अंक खाली माणसांसाठी छापलेले असतात. पहिले दोन, चौसष्ट, म्हणजे आपला देश. पुढे माल करणाऱ्याचा नंबर, त्यापुढे त्या मालाचा. किंमत त्यात नसते हं. रेघा फक्त नाव सांगतात, किंमत दुकानातल्या यंत्राला ठाऊक असते.

आणि शेवटचा, तेरावा, तो तुला आवडेल. तो आधीच्या बारांची साक्ष देतो. दुसऱ्या अंकापासून एकाआड एक अंक तिप्पट करायचे, उरलेले तसेच ठेवायचे, सगळ्यांची बेरीज करायची. पुढच्या पूर्ण दहाला जेवढे कमी पडतात तेवढा तेरावा अंक. वाचताना एखादा अंक चुकला तर साक्ष जुळत नाही आणि यंत्र गप्प बसतं. खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसणारं यंत्र, वहिनी! तुझ्या त्या बायबल-मंडळात अशी किती जण आहेत?

तुला आठवतं, वर्षअखेरीला दोन दिवस गोदाम बंद ठेवून आम्ही डबे मोजायचो? मी शिडीवरून 'एकशे बारा' ओरडायची, खालची 'एकशे वीस' लिहायची, मग भांडण, मग पुन्हा पहिल्यापासून. आता पिशवी गल्ल्यावरून सरकली, 'पिप्' झालं, की साठ्यातून एक वजा. संध्याकाळी कागदावर सगळं छापून येतं. पहिल्या दिवशी मी तो कागद हातात धरून उभीच राहिले. तुझी ती वही कुणीतरी भिंतीएवढी केल्यासारखं वाटलं.

हेलसिंकीला नंबरासाठी अर्ज कर, फॉर्म सोबत आहे. नंबर आला की छापखाना त्या रेघांची छपाईची फिल्म मागवेल. छापलेल्या रेघा काळ्या कुळकुळीत हव्यात, खालचा कागद पांढरा. बाकी तू करशीलच.

आयली

(काडी पाठवली आहे.)


यार्विकोर्पी, २४ नोव्हेंबर १९८८

प्रिय आयली,

नंबर आला! पाकीट फोडलं, पण तेराव्या अंकावर लगेच बोट ठेवलं. म्हटलं, आधी बारांची साक्ष मी स्वतः काढणार. आर्मास म्हणाला, "अगं, त्यांनी काढूनच पाठवलाय ना?" मी म्हटलं, "मग जुळायला भीती कसली?" बेरीज त्र्याण्णव आली. शंभराला सात कमी. बोट उचललं, खाली सातच होता. आयली, ज्या माणसाने हे शोधलं त्याने आयुष्यात कधी चुकीची बेरीज सोसली असणार आणि पुन्हा कुणाला सोसावी लागू नये असं त्याच्या मनात आलं असणार. मॅट्रिक पास झाल्यावर मिळालेली पांढरी टोपी मी पेटीत ठेवली त्याला तेहतीस वर्षं झाली. त्या दिवशी ती काढून बघितली.

छापखान्याच्या कुस्ताने लेबलं सुरेख छापली. काळं म्हणजे तव्यासारखं काळं. पिशव्यांचाही प्रश्न सुटला. बंद झालेल्या दुकानाच्या माळ्यावर साखरेच्या गडद निळ्या कागदी पिशव्यांचे गठ्ठे पडून होते, धूळ झटकली की नव्या. निळ्यावर ते पांढरं लेबल असं उठून दिसतं की राउहा म्हणाली, "राजाला नजराणा पाठवतोय का आपण?" तिला हसताना पाहून बरं वाटलं.

कुस्ता मात्र उधळ्या आहे. लेबलाच्या दोन्ही कडांना त्याने इतकं कोरं सोडलं होतं, जणू कागद त्याच्या अंगणात उगवतो. ते मी नीटनेटकं करून घेतलं. लेबल छोटं झालं, खळ कमी लागते. कातरलेल्या पट्ट्या कॉफीच्या डब्यांत भरून ठेवल्या आहेत, कधीतरी उपयोगी पडतील.

आता तारीख कळव.

तुझी,
सैमी


ताम्पेरे, ८ डिसेंबर १९८८

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते, नाताळचा माल उतरतो आहे. तुमची बाराशे पिशव्यांची चाचणी ठरली. माल ९ जानेवारीच्या सोमवारी गोदामाला लागून असलेल्या आमच्या मोठ्या दुकानात लागेल. नमुन्याची पुडी होल्स्ती साहेबांनी कॉफीत बुडवून खाल्ली आणि दुसरी आहे का विचारलं, एवढं सांगते.

कुस्ताचं वाचून हसू आलं. तू खिडकीतल्या स्वातंत्र्यदिनाच्या मेणबत्त्यांचं मेणही खरवडून ठेवलं असशील.

आयली


यार्विकोर्पी, ४ जानेवारी १९८९

प्रिय आयली,

बाराशे पिशव्या आज गाडीत चढल्या. पाचांच्या दोनशे चाळीस जुड्या, वहीतलं पान उतरवून सोबत दिलं आहे. गाडी वळेपर्यंत राउहा रस्त्यावर उभी होती. मी म्हटलं, "चल, गारठशील." ती म्हणाली, "भावाला कळवलंय, महिनाअखेरीला काय ते सांगते म्हणून."

आता देवाच्या हाती. आणि तुझ्या.

सैमी


ताम्पेरे, १२ जानेवारी १९८९

प्रिय वहिनी,

कसं लिहू कळत नाही म्हणून सरळच लिहिते. पिशव्या बोलल्या नाहीत.

सोमवारी मी मुद्दाम गल्ल्यापाशी उभी होते. गल्ल्यावर राकेल, आमच्यातली सगळ्यात चपळ बाई. पहिली पिशवी सरकवली. काही नाही. उलटी केली, पुसली, पुन्हा सरकवली. गप्प. दुसरी गप्प, दहावी गप्प. राकेल म्हणाली, "आयली, तुझ्या गावचे टोस्ट मुके आहेत का गं?" मागे रांग लागलेली. मग बिचारीने तेरा तेरा अंक हाताने टाइप केले. शंभर पिशव्या तरी गेल्या असतील. प्रत्येकीला तेरा! संध्याकाळी बोटं चोळत होती, पण एका शब्दाने माझ्यावर चिडली नाही. लोक टोस्ट मागत होते म्हणाली, नाही कसं म्हणू?

होल्स्ती साहेबांनी उरलेल्या पिशव्या शेल्फवरून काढायला लावल्या. आणि वहिनी, एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. तुमचं पत्र आलं तेव्हा ते म्हणाले होते, चार बायकांचं काम, रेघा बिघडवतील. मी म्हटलं, माझी वहिनी एक टाका चुकत नाही, मी जबाबदार. तुला ओळखीने काही मागायचं नव्हतं, तरी मी ओळख सांगितली. आता सगळ्यांसमोर मान खाली.

काय बिघडलं ते यंत्र दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने एका नजरेत सांगितलं. पिशवी हातात घेतली आणि विचारलं, "याचं पांढरं कुठाय?"

रेघांच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा लागतेच. तिथे यंत्राला कळतं की आता सुरू होणार, आता संपलं. यंत्राचा उजेड लाल असतो आणि लाल उजेडात गडद निळा कागद काळाच दिसतो. पहिली रेघ कुठली आणि पिशवी कुठली, त्याला उमगत नाही. म्हणून गप्प. तुझं 'नीटनेटकं करून घेतलं' वाचून मी हसले होते. हसायच्या ऐवजी धावत यायला हवं होतं.

साहेब म्हणाले, सोमवार २३ तारखेच्या सकाळपर्यंत दुरुस्त माल आला तर पुन्हा बघू, नाहीतर नाही. विकल्या गेल्या तेवढ्या पिशव्यांच्या जागी नवीन भरा, चाचणी पूर्ण बाराशेचीच. उरलेला माल शनिवारी २१ तारखेला दुपारच्या गाडीने तुमच्याकडे पोचेल, त्याआधी गाडी नाही. आणि सोमवारी पहाटेची गाडी इकडे निघते.

तुझी,
आयली


यार्विकोर्पी, २३ जानेवारी १९८९

प्रिय आयली,

पहाटेची गाडी गेली. आता भट्टी पेटवण्याआधी लिहिते आहे.

आधी चूक कबूल करते. कुस्ताने मला सांगितलं होतं. "बाई, माझ्या कडांना कात्री लावू नका." शब्द न शब्द आठवतो. मला वाटलं, छापणाऱ्याचा दिमाख आहे, फोटोला चौकट लागते तसा. उधळपट्टीला शहाणपण म्हणतोय असं मनात म्हटलं आणि घरी येऊन कात्री घेतली. तुझं पत्र वाचून मी आधी त्याच्याकडे गेले. तो फक्त म्हणाला, "पट्ट्या टाकून दिल्या का?" मी म्हटलं, "टाकते कशाला?" त्यावर तो इतका हसला की शाई सांडली.

चोवीसशे पट्ट्या, आयली, कॉफीच्या सात डब्यांत. कातरलेलं सगळं पांढरं जसंच्या तसं. ते परत चिकटवायचं होतं, रेघेला खेटून पण रेघेवर नाही.

नव्या भरलेल्या पिशव्या शुक्रवारीच केल्या. शनिवारी दुपारी गाडी आली आणि चौघी बसलो. बटाट्याच्या पिठाची खळ, कोरपेलांची थोरली पट्टी काढून द्यायची, धाकटी खळ लावायची, राउहा आणि मी चिकटवायच्या. पाच वाजता राउहाने मोजलं आणि म्हणाली, "वेळ पुरत नाही."

सहाला रविवार लागल्याची चर्चची घंटा झाली. तुला माहीत आहे, त्या घंटेनंतर आमच्या घरात सुईसुद्धा उचलत नाहीत. मी ब्रश पाण्यात ठेवला. चौऱ्याऐंशी पिशव्या उरल्या होत्या.

राउहा उठली नाही. म्हणाली, "सैमी, फक्त एक रविवार."

मी म्हटलं, "नाही."

"चौऱ्याऐंशी आहेत गं. अर्ध्या तासाचं काम. देव बघायचा नाही एवढं."

"मी बघेन ना."

मग ती बोलली ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. "कात्री तू चालवलीस. आणि आता पावित्र्यही तुझंच. तुझा रविवार राहील, माझं घर जाईल." कोट चढवला आणि शनिवारच्या सौनासाठीसुद्धा थांबली नाही.

तिचं खरंच होतं. रात्रभर तेच डोक्यात. आणि रविवारी प्रार्थनेला बसले असताना एकदम वाटलं, आयुष्यभर मी आठवड्यातला एक दिवस कोरा सोडत आले. तो दिवस फुकट जातो असं कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण लेबलाच्या कडेचं कोरं मला फुकट गेलेलं वाटलं. ज्याने त्या रेघा आखल्या त्याला कोऱ्या जागेची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळत होती.

राउहा आली होती. माझ्या डाव्या हाताला नाही, मागच्या बाकावर.

आज पहाटे अकराशे सोळा पिशव्या पाठवल्या. दोनशे तेवीस जुड्या आणि सुटी एक. चौऱ्याऐंशी कमी का, ते कागदावर खरं लिहिलं आहे. साहेबांना कारण पटलं नाही तर तुझी मान पुन्हा खाली जाईल. त्याबद्दल तुझी क्षमा मागते.

सैमी


ताम्पेरे, ३१ जानेवारी १९८९

वहिनी!

पिप्.

हा एक शब्द लिहून पत्र टपालात टाकणार होते, पण राउहासाठी सगळं सांगते.

होल्स्ती साहेब म्हणाले, एकदा फसलोय, आता एकेक पिशवी यंत्रावरून जाईल. राकेल बसली, मी पेट्या उघडत होते. पहिली पिशवी तिने हातात धरून ठेवली. म्हणाली, "बोल गं बाई." सरकवली. पिप्! वहिनी, इतका बारीक आवाज, पण गोदामातली माणसं दारात येऊन उभी राहिली. मग राकेलचा हात सुटला. जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळ्या पिशव्या गेल्या. एकही गप्प बसली नाही. तो म्हातारा भिंग लावून तुमच्या पट्ट्या बघत होता. "हे हाताने केलं?" दोनदा विचारलं त्याने. "एकही पट्टी रेघेवर चढलेली नाही," असं पुढे स्वतःशीच म्हणाला.

मग यंत्राने आकडा छापला. अकराशे सोळा. साहेबांनी तुझं वहीतलं पान शेजारी ठेवलं. चार उभ्या, एक आडवी. बोटाने जुड्या मोजत गेले. दोनशे तेवीस आणि एक. मला म्हणाले, "आयली, या गोदामात माल देणाऱ्याचा आकडा आणि आपला आकडा पहिल्या फटक्यात जुळलेला मी पाहिलेला नाही."

मी म्हटलं, "पण चौऱ्याऐंशी कमी आहेत."

ते म्हणाले, "कमी आहेत तेही बरोबर लिहिलंय." तुझं कारण वाचलं. शनिवारची सहाची घंटा. मग म्हणाले, "माझी आईही याच घंटेला चरखा थांबवायची."

आज संध्याकाळच्या साठ्याच्या कागदावर तुमच्या टोस्टसमोर शून्य आहे. आठ दिवसांत शून्य! दर महिन्याला दोन हजार पिशव्यांची मागणी सोबत जोडली आहे, सही-शिक्क्यासकट. पिशव्या पांढऱ्या घ्या एवढंच म्हणतात.

पाकिटावर बाहेरूनच लिहिते आहे, हे पत्र राउहाच्या हातात दे. तिलाच फोडू दे.

आयली


यार्विकोर्पी, ७ फेब्रुवारी १९८९

प्रिय आयली,

तू सांगितलंस तसंच केलं. राउहा गेले पंधरा दिवस भट्टीवर यायची, काम करायची, माझ्याशी फक्त 'मीठ दे' एवढंच बोलायची. पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने पिठाचे हात पुसले, पत्र फोडलं, उभ्यानेच वाचलं. मग मागणीचा कागद वाचला. मग पुन्हा पहिलं पान.

म्हणाली, "सगळ्या बोलल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. आणि त्या चौऱ्याऐंशी?"

"कोपऱ्यात आहेत. तशाच."

तिने खळीचं भांडं काढलं. आम्ही दोघींनी त्या शुक्रवारी दुपारी बसून चिकटवल्या, कुणी मागितल्या नव्हत्या तरी. त्यातली एक पिशवी तुला येते आहे आणि एक राकेलला. तिच्या बोटांसाठी. शेवटची पट्टी लावून झाल्यावर राउहाने भिंतीवरच्या खिळ्यावरची माझी कात्री काढली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. "ही आजपासून माझ्या घरी राहील," म्हणाली. "काही कापायचं असलं की मला विचारायला ये. मी घरीच असेन."

आयली, मी नंतर मागे जाऊन लाकडं आणायच्या निमित्ताने डोळे पुसले.

रविवारी ती माझ्या डाव्या हाताला होती. मी सूर सोडला. तिने धरला.

या पत्राच्या दोन्ही बाजूंना तुला बोटभर पांढरं दिसेल. वहिनी उधळी झाली असं तुझ्या भावाला लिहू नकोस.

तुझी,
सैमी